दोन खुंटांची वेस : पाम बीच मार्गावरच्या एका पादचारी पुलाचं प्रकरण

काम आमच्याकडे आलं तेव्हा कागदावर दोन ओळी होत्या. पहिली, 'शहराची ओळख ठरेल असं शिल्पाकृती प्रवेशद्वार'. दुसरी, 'पादचारी पूल, दोन्ही बाजूंना लिफ्ट'. दोन्हींची अंदाजपत्रकं वेगळी होती आणि जागाही एकमेकींपासून दीडशे मीटरवर. त्या दोन जागांच्या मधून एक पायवाट जाते, ती मात्र नकाशावर नव्हती. नेरूळच्या बाजूचं एक जुनं गाव आणि त्या गावाची खाडीतली जेट्टी यांच्यामधली ही वाट, पाम बीच मार्ग ओलांडून जाणारी. काम देणारी मंडळी खासगी होती. बांधून पालिकेच्या हवाली करायचं, असा त्यांचा मानस होता. त्यांचं आणि गावाचं नाव इथे देत नाही, कारण पूल अजून उभा राहिलेला नाही. पण त्या दीड वर्षात आम्ही काय ठरवलं, काय मोडून पुन्हा केलं आणि का, हे लिहून ठेवलं पाहिजे असं वाटतं. किनाऱ्यावरच्या आपल्या शहरांत अशी कामं आता सारखी निघतात आणि त्यांचे हिशेब कुणाच्या हाती लागत नाहीत.

रस्ता आला आणि खाडी पलीकडे गेली

नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली वाशीचा पहिला खाडीपूल वाहनांसाठी खुला झाला आणि १९९२ साली मानखुर्दहून वाशीला लोकल आली. या शहराची गोष्ट आपण नेहमी अशी मुंबईच्या बाजूने सांगतो. खाडी ओलांडली की शहर सुरू. त्यामुळे प्रवेशद्वार म्हटलं की गाडीतून येणारा माणूसच डोळ्यांसमोर उभा राहतो. पण पाम बीच मार्ग वाशीहून बेलापूरकडे जातो आणि नेरूळ येतं त्याच्या मधल्या भागात. इथवर पोचलेला गाडीवाला शहरात केव्हाच शिरलेला असतो. मग या ठिकाणी शहरात नव्याने प्रवेश करतो तो कोण?

याचं उत्तर जागेवर गेल्यावर मिळालं. या ठिकाणी शहरात बाहेरून येणारी माणसं फक्त खाडीतून येतात. होडी जेट्टीला लावून, जाळी खांद्यावर आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन, चालत.

पहिल्याच भेटीत एका वयस्क कोळीबाबांनी गावाचा सगळा इतिहास दोन वाक्यांत सांगितला. "आदी घराच्या मागं खारी व्हती. मंग रस्ता आला नि खारी पल्याड गेली." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. दिशा दाखवावी तसं त्यांनी हाताने दाखवलं, आधी इथे, आता तिथे.

त्यांच्याकडूनच कळलेली दुसरी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. गाव घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे ही माणसं एका आठवड्यात पहाटे तीनला रस्ता ओलांडतात, तर पुढच्या आठवड्यात ऐन ऑफिसच्या गर्दीत. सकाळ-संध्याकाळची ठरावीक वेळ धरून केलेली कुठलीही पाहणी इथे खोटी ठरते. आम्ही आधी तशीच एक केली होती. ती बाजूला ठेवली.

रोहित पक्षी

काम देणाऱ्यांच्या मनात चित्र पक्कं होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना पोलादी पत्र्याचे दोन रोहित पक्षी, अठरा मीटर उंच, माना वर जाऊन एकमेकींना भिडलेल्या, रात्री खालून गुलाबी प्रकाश. कल्पनेमागे प्रेम होतं, हे मी मनापासून सांगते. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला आणि नवी मुंबईकरांना या पक्ष्यांचा अभिमान आहे. शहरभर त्यांची चित्रं आणि शिल्पं आहेत.

अडचण खऱ्या पक्ष्यांची होती. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरतीचं पाणी चिखलावर चढलं की तिथून उठतात आणि नेरूळच्या बाजूच्या पाणथळींवर येऊन बसतात. म्हणजे पाम बीच मार्ग ओलांडून, पुष्कळदा कमी उंचीवरून आणि रात्रीसुद्धा. २०२४ साली नेरूळ जेट्टीजवळच्या एका मोठ्या फलकाला धडकून रोहित पक्षी मेले आणि नंतर तो फलक काढून टाकण्यात आला. पक्ष्यांच्या त्याच वाटेवर, त्यांच्याच नावाने, अठरा मीटरचा प्रकाशमान पत्रा उभा करायचा हे मला पटणं शक्य नव्हतं. बैठकीत मी तसं स्पष्ट सांगितलं. आम्ही स्वतःवर एक मर्यादा घालून घेतली. जे काही उभं राहील ते रस्त्याच्या दिव्यांच्या खांबांपेक्षा उंच असणार नाही.

दुसरी अडचण वाऱ्याची. मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग आपल्या मानकात सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर. या वेगाचा दाब ढोबळमानाने चौरस मीटरला ११८ किलो येतो. एका पक्ष्याचा सपाट भाग १२० चौरस मीटर धरला तर चौदा टनांहून जास्त जोर, आणि तोही आकाराचे व उंचीचे गुणक लावण्याआधी. हे गणित मांडत होतो तेव्हा घाटकोपरचा फलक कोसळून काहीच आठवडे झाले होते. १३ मे २०२४ च्या त्या वादळी संध्याकाळी १७ माणसं गेली. पुढे २६ ऑगस्टला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा कोसळला, अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत. त्यानंतरच्या बैठकीत मला फार बोलावं लागलं नाही.

तरी पक्ष्यांची कल्पना मागे पडली ती प्रामुख्याने पायाच्या, म्हणजे फाउंडेशनच्या, प्रश्नामुळे. खाडीच्या बाजूला तिवरं आहेत. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवनात आणि त्याच्या भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे. सार्वजनिक हिताचं काम असेल तरी आधी न्यायालयाकडे जावं लागतं. शिवाय किनारपट्टी नियमनाची परवानगी वेगळी. आमचे स्ट्रक्चरल सल्लागार नकाशावर बोट ठेवून म्हणाले, "पुलाला या बाजूला एक पाया लागणारच आहे. तो कोर्टात मागता येईल, कारण माणसं त्यावरून चालणार आहेत. शोभेच्या कमानीसाठी दुसरा पाया कुठल्या तोंडाने मागायचा?"

या एका प्रश्नाने कागदावरच्या दोन ओळींची एक ओळ झाली. प्रवेशद्वार उभं राहायचं तर ते पुलाच्या पायावर. म्हणजेच त्याला पुलाचं काम करावं लागणार, भार घ्यावा लागणार. आणि त्याचं तोंड खाडीकडे असणार.

तोंड पाण्याकडे असलेलं दार आपल्याला नवं नाही. अपोलो बंदरावरचं गेटवे ऑफ इंडिया समुद्राकडे पाहतं. १९२४ साली पूर्ण झालेली जॉर्ज विटेट यांची ती २६ मीटर उंच वास्तू बोटीतून उतरणाऱ्यासाठी आहे. फरक इतकाच की तिथे उतरायचे ते राजे आणि लाटसाहेब. इथे उतरतात ते कोळंबी आणि निवट्या घेऊन येणारे लोक.

उभी होडी

आमची पहिली रचना होडीची होती. दोन होड्या, नाळ म्हणजे पुढचं टोक आभाळाकडे करून उभ्या केलेल्या आणि मधून वाट. कागदावर ती फार सुंदर दिसत होती. लाकडी प्रतिकृती केली, ती गावाच्या देवळात नेऊन मांडली. बायका कौतुकाने पाहत होत्या. कोळीबाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, होरी अशी कवा उभी ऱ्हाते ठाव हाय? बुरताना."

बुडताना होडीची नाळ वर येते. जी माणसं रोज त्या पाण्यावर जातात त्यांच्या वाटेच्या तोंडाशी आम्ही बुडणाऱ्या होड्या उभ्या करायला निघालो होतो. प्रतिकृती त्याच संध्याकाळी परत आणली. ऑफिसमधल्या मुलांना त्या दिवशी मी एवढंच सांगितलं की पुन्हा काही काढायच्या आधी खाडीत जाऊन यायचं.

तसे आम्ही गेलो. बाबांच्या पुतण्याने ओहोटीच्या वेळी होडीतून डोलीपर्यंत नेलं. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. त्याचं तोंड प्रवाहाकडे उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना चिखलात खोल रोवलेले खुंट असतात. पाणी ओढ घेतं, दोर ताणले जातात, खुंट किंचित कलतात आणि त्या दोन खुंटांमधून सगळी खाडी आत शिरते. मी होडीत बसून ते बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की दार समोरच आहे. दोन खांब, मधून वाहणारं पाणी, वर काही नाही. शिवाय तो खुंट शोभेचा नाही. कललेला असतो कारण त्याच्यावर ओढ असते.

आमच्या पुलाच्या खाडीकडच्या टोकाला पोलादी नळीचे दोन निमुळते खुंट आले ते असे. ते बाहेरच्या बाजूला कलतात. त्यांच्या पोटातून निघालेल्या ताणपट्ट्या पुलाचं टोक उचलून धरतात. पुलाचा भार त्यांना आत ओढतो आणि त्यांचा कल ती ओढ पेलतो. उंची अकरा मीटर. गावाकडच्या बाजूचे खुंट पुलाच्या पातळीलाच संपतात, कारण तिथे दाराची गरज नाही. तिथे घर आहे.

खुंटांवर आडवी तुळई घालायची नाही, हे ठरलं गावदेवीच्या आणि गणपतीच्या हिशेबाने. काम देणाऱ्यांना कमान पूर्ण हवी होती, वर शहराचं नाव लिहायचं होतं. पण याच वाटेने नारळी पौर्णिमेला वाजतगाजत नारळ खाडीवर जातो आणि विसर्जनाला गणपती जेट्टीवर येतात. सव्वा मीटरच्या ट्रॉलीवर साडेचार मीटरची मूर्ती ठेवली की झाले पावणेसहा मीटर. त्यात दरवर्षी भर पडण्याचीच शक्यता. देवाला वाकावं लागेल असं दार कुठल्याही गावात कुणी बांधणार नाही. म्हणून वर आभाळ. एका मावशींनी आराखडा पाहून विचारलं, "म्हंजे ही आमची वेसच ना?" तोवर आम्ही फाइलवर 'प्रवेशद्वार' लिहीत होतो. त्या दिवसापासून वेस लिहायला लागलो. शब्द बदलला आणि कामही बदललं, कारण वेस ही थांबायची जागा असते. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला जातात, माहेरवाशीण वेशीपाशी मागे वळून बघते. ताशी सत्तरच्या वेगाने जिच्याखालून निघून जातात ती वेस कसली? खुंटांच्या पायाशी आम्ही काळ्या दगडाचा बसका ओटा धरला. पाटी उतरवायला आणि पाणी यायची वाट बघत बसायला.

बेचाळीस मीटरचे दोनशे मीटर

आता पुलाचा खरा हिशेब. तो लपवला तर बाकी सगळं सांगणं व्यर्थ आहे.

आमच्या जागी रस्ता, दुभाजक आणि कडेची गटारं धरून पुलाचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ४२ मीटर होता. खालून वाहनं जाण्यासाठी साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. नेहमीसारखी तुळई पुलाच्या पोटाखाली दिली तर तिची जाडी दीड मीटरच्या आसपास जाते, म्हणजे माणसाला सात मीटर चढावं लागतं. आम्ही तुळया वर घेतल्या, चालण्याच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना. त्याच तुळया कठड्याचं काम करतात आणि पायाखाली जेमतेम अर्धा मीटर जाडी उरते. चढ झाला सहा मीटर. एका मीटरची ही बचत म्हणजे दीडशे मिलिमीटरच्या हिशेबाने जवळजवळ सात पायऱ्या. लांबून बघणाऱ्याला हे दिसणारही नाही. पण या सबंध रचनेत मला सर्वांत समाधान देणारा निर्णय तोच आहे.

तरीही सहा मीटर राहतातच. अपंगांसाठीच्या नियमांप्रमाणे रॅम्पचा चढ बारास एक, म्हणजे ७२ मीटर लांबी. दर पाऊण मीटर चढावर एक सपाट टप्पा, असे सात टप्पे, दीड मीटरचा एक. एकूण ८२ मीटर. खाडीच्या बाजूची वाट बांधावरून जाते आणि रस्त्यापेक्षा मीटरभर उंच आहे, म्हणून तिकडे सत्तरच्या आत भागतं. ८२, ४२ आणि ६८ यांची बेरीज १९२. म्हणजे बेचाळीस मीटरचा रस्ता ओलांडायला व्हीलचेअरवरच्या माणसाने किंवा ढकलगाडी घेऊन निघालेल्या बाईने दोनशे मीटर जायचं. पुलांवर शुकशुकाट आणि खाली दुभाजकावरून उड्या, हे चित्र आपण सगळीकडे पाहतो आणि लोकांना शिस्त नाही असं म्हणून मोकळे होतो. लोकांना हिशेब कळतो, म्हणून ते खालून जातात.

माझं मत मी पहिल्या अहवालात लिहिलं होतं आणि आजही बदललेलं नाही. इथे सर्वांत आधी हवा तो जमिनीवरचा सिग्नल आणि रस्त्यापेक्षा थोडा उंच केलेला झेब्रा. बटण दाबल्यावर वाहनं थांबतील असा, पहाटे तीनलाही चालणारा. वाहतुकीचं बघणाऱ्यांकडून उत्तर आलं की या मार्गावर मधे सिग्नल दिल्यास वाहनांचा ओघ तुटतो. आम्ही आराखड्यात दोन्ही दाखवले, पूल आणि त्याच्या शेजारी सिग्नल, आणि सिग्नल शेवटपर्यंत काढला नाही. सणाच्या दिवशी हजारभर माणसं एकदम निघतात तेव्हा पूल लागेल, हे मला मान्य आहे. पण एकटी बाई पाटी घेऊन निघाली असेल तर तिला सिग्नलच हवा.

पायऱ्या कशा असाव्यात हे एका काकींनी शिकवलं. त्या चाळीस वर्षं मासळी विकतात. आम्ही पायरीच्या कडेला पिवळी पट्टी दाखवली होती, नजरेला कळावी म्हणून. त्या म्हणाल्या, "बाय, डोकीवर पाटी असली की खाली बगता येत नाय. पाय सोताच पायरी शोधतो. येक पायरी उंच निगाली की गेलंच." जिना बांधताना शेवटची पायरी फरशीच्या जाडीमुळे दोन-तीन सेंटिमीटर कमीजास्त होते आणि ठेकेदार ते चालवून घेतात, हा अनुभव प्रत्येक साइटवरचा आहे. आम्ही निविदेच्या मसुद्यात स्वतंत्र कलम घातलं. कुठल्याही दोन पायऱ्यांच्या उंचीत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर तो सगळा जिना तोडून पुन्हा करायचा. जिन्यावर छप्पर घ्यायचं तर पाटी आणि तिच्यावरची टोपली धरून उंची अडीच मीटरपेक्षा कमी नको, हेही त्यांच्याच मापावरून.

पायाखाली काय, यावर वाद झाला नाही. व्हेनिसमध्ये सांतियागो कालात्राव्हा यांच्या २००८ सालच्या पुलावर काचेच्या पायऱ्या होत्या. लोक घसरून पडत राहिले आणि अखेर शहराने काचेच्या जागी दगड बसवायचं ठरवलं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर शेवाळ. त्यात मासळीच्या पाटीतून पाणी ठिबकतं. टाकीचे घाव घालून खरबरीत केलेला काळा दगड, पॉलिश अजिबात नाही.

पूल हलण्याचा प्रश्न मात्र सल्लागारांनी फार मनावर घेतला होता. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणजे डावीकडे-उजवीकडे सेकंदाला एक झोका. पुलाचा स्वतःचा झोका त्याच्या जवळ आला की लोक नकळत पुलाच्या तालात चालू लागतात आणि ताल वाढत जातो. तिथे नंतर झोका शोषणारी उपकरणं बसवावी लागली. आमच्याकडे तर नारळी पौर्णिमेला बेंजो आणि ढोलाच्या तालावर मुद्दाम एका ठेक्यात नाचणारी माणसं येणार. चार मीटर रुंद पुलावर चौरस मीटरला ५०० किलो धरले तर ८४ टन माणसं. कललेल्या खुंटांमुळे पूल आडव्या दिशेने ताठ झाला, हा त्या आकाराचा न मागता मिळालेला फायदा. उभ्या दिशेचा झोका नाचाच्या ठेक्यापासून दूर ठेवण्यासाठी तुळया थोड्या जाड कराव्या लागल्या. तेवढं पोलाद वाढलं, ते आम्ही वाढू दिलं.

चिखल आणि खार

नवी मुंबईत खाडीकाठी जमीन म्हणजे मऊ सागरी चिकणमाती, तिच्यावर भराव आणि बऱ्याच खाली काळा पाषाण. पुलाचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, पाषाणात रुतवता येतात, ते खचत नाहीत. पण रॅम्प मातीचा भराव घालून केला की तो वर्षानुवर्षं खचत राहतो. मग पूल आणि रॅम्प यांच्या सांध्यावर पायरी तयार होते. व्हीलचेअर नेमकी तिथे अडते. खचणारी माती पाइललाही खाली ओढते, तो भार वेगळा धरावा लागतो. म्हणून रॅम्पसुद्धा पाइलवर घेतला, एकेरी खांबांच्या रांगेवर, रस्त्याच्याच हद्दीत, तिवरांकडे एक फूटही न सरकता. खर्चाच्या तक्त्यात सर्वांत मोठा आक्षेप यावर आला. दिसायला काहीच नाही आणि पैसे एवढे!

खाऱ्या हवेसाठी आम्ही जेट्टीवर परवानगीने एक लहान चौकट रोवली आणि तिच्यावर पाच पट्ट्या लावल्या, प्रत्येक वेगळ्या धातूची किंवा वेगळ्या लेपाची. काम देणाऱ्यांच्या एका स्नेह्यांना गंजासारखा तांबूस दिसणारा पोलाद हवा होता. इंग्लंडातलं अँटनी गॉर्मली यांचं 'एंजल ऑफ द नॉर्थ' त्या जातीच्या पोलादाचं आहे, असा दाखलाही त्यांनी दिला. त्या पोलादावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूला राखतो, हे खरं. पण हवेत मीठ असेल तर तो थर स्थिर होत नाही, पापुद्रे सुटत राहतात. एका पावसाळ्यात पट्टीवर तेच झालं. स्वस्त जातीच्या स्टेनलेसवर चहाच्या डागांसारखे डाग आले. जस्ताच्या लेपाचा हिशेब साधा आहे. सहा मिलिमीटरपेक्षा जाड पोलादावर सुमारे ८५ मायक्रॉन जस्त बसतं. समुद्रकाठच्या कडक हवेत ते वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन झिजतं. म्हणजे दहा ते वीस वर्षं. पूल शंभर वर्षांसाठी बांधायचा असेल तर नुसत्या जस्तावर भागत नाही. जस्त आणि त्यावर रंगाचे तीन थर, ही पट्टी चांगली टिकली, फक्त बोल्टपाशी खराब झाली. बोल्ट वेगळ्या धातूचा होता, चूक आमची. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की त्यांतला जास्त क्रियाशील धातू आधी झिजून जातो. ड्युप्लेक्स जातीची स्टेनलेस पट्टी स्वच्छ राहिली. सिंगापूरचा २०१० सालचा हेलिक्स पूल याच जातीच्या पोलादाचा आहे. ते महाग आहे, म्हणून हात लागतो तिथे आणि ताणपट्ट्यांच्या टोकांना तेवढंच घेतलं. बाकी सगळं जस्त आणि रंग.

यातून आकारावरही बंधन आलं. खुंटाचे तुकडे जस्ताच्या टाकीत मावतील एवढेच करायचे. बंद नळीला भोकं ठेवायची, नाहीतर आत अडकलेली हवा आणि ओल तापून ती टाकीत फुटते. कडा गोल करायच्या, कारण धारेवर रंग पातळ बसतो. पाणी साचेल असा एकही कोपरा नको. खुंटावर जाळीची नक्षी कोरायची आमची फार इच्छा होती. ती सोडली. तिच्या प्रत्येक छिद्रात मीठ बसलं असतं.

दिव्यांचं शेवटी असं ठरलं. खुंटांवर एकही दिवा नाही. कठड्याच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, खाली पडणारा पिवळसर प्रकाश, रात्रभर. पक्ष्यांसाठी काळोख हवा आणि पहाटे तीनला पाटी घेऊन येणाऱ्या बाईला पायरी दिसायला हवी. ज्या पायांना पायरी स्वतः शोधावी लागते त्यांच्यासाठी एवढा उजेड तरी असावा.

आज

आराखडा पूर्ण झाला, सादर झाला, वाखाणलाही गेला. त्यानंतर काम देणाऱ्यांच्या प्राधान्यक्रमात तो खाली गेला. परवानगीचा अर्ज न्यायालयापर्यंत पोचलाच नाही. सिग्नलचा प्रस्ताव आम्ही वेगळा करून पुन्हा दिला आहे, कारण त्याला पाया लागत नाही आणि तिवरांना धक्का लागत नाही. त्याचं उत्तर आलेलं नाही.

चौकट जेट्टीवर अजून आहे. मागच्या महिन्यात मी पट्ट्या मोजायला गेले होते. ड्युप्लेक्सच्या पट्टीला कुणीतरी जाळं विणायचा दोर बांधला होता. तो तसाच राहू दिला आणि उरलेल्या चार पट्ट्यांची जाडी वहीत लिहून घेतली. काकी भेटल्या. अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस होते, भरती संध्याकाळी सहाच्या सुमाराची, त्यामुळे होड्या ऐन गर्दीच्या वेळी लागल्या होत्या. त्यांची पाटी उचलायला मी हात लावला आणि आम्ही दोघी बांधावरून रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिलो. काकी गाड्यांकडे बघत नव्हत्या, आवाज ऐकत होत्या. ओलांडायला चार मिनिटं लागली.